'करायलोय' चालणार नाही, दाखवा: प्रोजेक्ट ग्रुपची आठवडी बैठक कशी घ्यायची

आमच्या फायनल इयरच्या वहीत सलग तीन बुधवारी एकच ओळ आहे : 'सेन्सर, करायलोय.' अक्षर माझंच. ग्रुप लीडर मीच होतो. समोरच्यानं जे सांगितलं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. बाबा, करायलोय म्हणजे नेमकं कुठवर आलंय, असं एकदाही विचारलं नाही.

प्रोजेक्ट साधा होता. जमिनीतला ओलावा मोजायचा, तो ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला की ठिबकची मोटर चालू करायची आणि हे सगळं मोबाइलवर दिसायला पाहिजे. आम्ही चौघं. एका मित्राकडं सेन्सर आणि बोर्ड, एका मैत्रिणीकडं मोबाइलचा भाग, तिसऱ्याकडं मोटर आणि ती चालू-बंद करणारा स्विच, म्हणजे रिले. माझ्याकडं रिपोर्ट आणि सगळ्यांच्या मागं लागणं. सेन्सरवाल्याचं रीडिंग त्याच्या खोलीवर बरोबर यायचं. मैत्रिणीचं अ‍ॅप तिच्या लॅपटॉपवर बरोबर चालायचं. दोघांचे कोड एकत्र केले की रीडिंग येईना. तो पोरगा तीन आठवडे सेन्सर बदलत राहिला, वायरी बदलत राहिला, पदरचे पैसे घालून नवा बोर्ड मागवला. बैठकीत मात्र 'करायलोय'. चौघांत 'मला जमेना' म्हणायची लाज वाटत होती, हे त्यानं नंतर सांगितलं.

चौथ्या आठवड्यात रिव्ह्यूच्या धाकानं सगळं सामान लॅबमधल्या एकाच टेबलावर मांडलं. मागून बघणारे लॅब असिस्टंट म्हणाले, 'वाय-फाय बंद करून बघा बरं.' बंद केलं आणि आकडे धडाधड यायला लागले. आमचा बोर्ड ईएसपी 32, म्हणजे सेन्सर वाचून वाय-फायवरून आकडे मोबाइलला पाठवणारा छोटा कॉम्प्युटर. त्याच्यावर अ‍ॅनालॉग, म्हणजे कमी-जास्त होणारं रीडिंग घेणाऱ्या पिनांचे दोन गट असतात, एडीसी 1 आणि एडीसी 2. वाय-फाय चालू असताना दुसऱ्या गटातल्या पिनांवर रीडिंग घेता येत नाही. आमची वायर होती 25 नंबरला, म्हणजे दुसऱ्या गटात. ती उपटून 34 नंबरला खोचली. काम संपलं.

सेन्सरवाला वाय-फाय लावत नव्हता आणि मैत्रिणीकडं सेन्सर नव्हता. आपापल्या खोलीत बसून ही चूक दोघांनाही जन्मात सापडली नसती. आठवडी बैठक असल्या गोष्टींसाठी घ्यायची असते, हे मला तेव्हा कळलं. आता मी वाळूजला नोकरी करतो, पण गावाकडची, नात्यातली पोरं-पोरी दरवर्षी प्रोजेक्ट सुरू झाला की फोन करतात. प्रत्येकाला तेच सांगून तोंड दुखलं म्हणून हे लिहून काढतोय.

आधी एवढं जमवून ठेवा

- दोनशे पानी वही, एकच. सुट्टे कागद नकोत, ते चहाच्या टपरीवर राहतात.
- कॉलेजचं शैक्षणिक कॅलेंडर. रिव्ह्यू, परीक्षा आणि सबमिशनच्या तारखांना लाल गोल.
- मंजूर झालेल्या सिनॉप्सिसची, म्हणजे सुरुवातीला लिहून दिलेल्या आराखड्याची प्रत. भांडण झालं की 'आपण लिहून काय दिलं होतं' हे इथंच सापडतं.
- एक गूगल शीट, पाच रकान्यांची : काम, कोणाकडं, कधीपर्यंत, काय दाखवणार, झालं का.
- कॉलेजची प्रोजेक्ट डायरी किंवा लॉगबुक. कुठं काय म्हणतात ते वेगळं, पण गाईडची सही त्यावरच लागते.
- पावत्यांसाठी एक लिफाफा.
- फक्त कामाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मीम, वाढदिवस आणि क्रिकेट दुसऱ्या ग्रुपवर.

ट्रेलो, नोशन वगैरे कामांची यादी ठेवायची अ‍ॅप उघडायचा मोह होईल. आम्हालाही झाला. कार्डांना रंग देण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि नंतर तिकडं कोणी फिरकलं नाही. शीट सगळ्यांना येते, मोबाइलवर उघडते आणि कोणी कधी काय बदललं ते व्हर्जन हिस्टरीत दिसतं. 'मी ते लिहिलंच नव्हतं' हा वाद तिथंच मिटतो.

1. वार आणि वेळ एकदाच ठरवा

'या आठवड्यात कधी भेटायचं?' हा प्रश्न ग्रुपवर पडला की समजायचं, बैठक गेली. वार पक्का पाहिजे, आठवडी बाजारासारखा. बाजार मंगळवारचा असेल तर मंगळवारीच भरतो, कोणी विचारत बसत नाही.

शनिवार घेऊ नका. अर्धी पोरं शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीनं गावाकडं जातात आणि उरलेली अर्धी झोपतात. सोमवारी गावाहून आलेल्याच्या पिशवीत डबे असतात, डोक्यात काम नसतं. आम्ही बुधवार, सव्वाचार ठरवला. प्रॅक्टिकल चारला सुटायचं, लॅब पाचला बंद व्हायची आणि अर्धापूरहून ये-जा करणाऱ्या मित्राला साडेपाचची गाडी असायची. तिन्ही गोष्टी त्या वेळेत बसत होत्या. तुमच्याकडं आधी सगळ्यात लांबून येणाऱ्याची गाडी विचारा आणि मग वेळ ठरवा. हॉस्टेलवाले कधीही येऊ शकतात, त्यांच्या सोयीनं ठरवलं की ये-जा करणारा तिसऱ्या आठवड्यापासून दांड्या मारतो.

कॅलेंडरवर कॉलेजच्या तारखांबरोबर आपल्याही तारखा टाका. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची काढणी असते, तेव्हा घरून फोन येणारच. पुढं कापसाची वेचणी. लातूर-धाराशिवकडचं कोणी असेल तर येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, डिसेंबरात नाहीतर जानेवारीच्या सुरुवातीला येते, बरोबर सबमिशनच्या तोंडावर. त्या दिवशी तो माणूस शेतात भज्जी आणि आंबील सोडून तुमच्या बैठकीला येणार नाही, आणि येऊही नये. आधी माहीत असेल तर काम त्याच्या आदल्या आठवड्यात संपवता येतं. आयत्या वेळी कळलं की चिडचिड होते.

2. गाईडची भेट आणि आपली बैठक या दोन वेगळ्या गोष्टी

नव्या ग्रुपचा सगळ्यात मोठा घोळ इथं होतो. 'सरांना भेटतोच की दर आठवड्याला, अजून कशाला बैठक?' सरांसमोर कोणी खरं बोलत नाही. तिथं प्रत्येकजण झालेलं काम दोन बोटं वाढवून सांगतो. अडलेलं काम आधी आपापसात उघडं पडायला पाहिजे. म्हणून आपली बैठक आधी आणि गाईडची भेट दुसऱ्या दिवशी. मग सरांकडं जाताना हातात दोन नेमके प्रश्न असतात. 'सर, बघा ना, चालत नाही' यावर कोणताही गाईड 'बघून घ्या' एवढंच म्हणणार. 'सर, मोटर चालू झाली की बोर्ड रीसेट होतोय, सप्लाय वेगळा देऊ का?' असं विचारलं की ते खुर्ची पुढं ओढतात.

3. आळीपाळीनं कामं वाटा

बैठकीत दोन कामं असतात : चालवणं आणि लिहिणं. दोन्ही दर आठवड्याला फिरती ठेवा. लीडरनंच कायम चालवली की बाकीचे प्रेक्षक होतात.

लिहिण्याबद्दल थोडं स्पष्टच बोलतो. ग्रुपमध्ये एक मुलगी असली की 'तुझं अक्षर छान आहे' म्हणून वही तिच्याकडं जाते आणि वर्षभर तिच्याकडंच राहते. मग तोंडी परीक्षेत परीक्षक विचारतात, 'तुम्ही काय केलं?' आणि तिनं खरं काम केलेलं असलं तरी बाकीचे म्हणतात, 'मॅडमनं डॉक्युमेंटेशन बघितलं.' आमच्याकडं हे दोन महिने चाललं. मैत्रिणीनं एका बुधवारी वही माझ्यासमोर आपटली तेव्हा थांबलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून फिरती ठेवा.

ग्रुप मोठा असेल तर जोड्या करा. चौघांत एकमेकांशी बोलायच्या सहा जोड्या होतात, सहा जणांत पंधरा. दोनच माणसं वाढली, पण कोणी कोणाला काय सांगितलं याचा गुंता अडीचपट झाला. सहा जणांच्या ग्रुपनं दोन-दोनच्या तीन जोड्या करायच्या आणि बैठकीत प्रत्येक जोडीतल्या एकानं बोलायचं.

4. आदल्या रात्री तीन ओळी

मंगळवारी रात्री नऊच्या आत प्रत्येकानं ग्रुपवर तीन ओळी टाकायच्या : काय झालं, काय अडलं, उद्या काय दाखवणार. व्हॉइस नोट नको, ती कोणी ऐकत नाही. एक नमुना :

'रिलेचं सोल्डरिंग झालं. मोटर चालू होते, बंद होताना रिले टकटक करतो. उद्या लॅबमध्ये मोटर तीनदा चालू-बंद करून दाखवतो.'

या तीन ओळींचा खरा फायदा लिहिणाऱ्यालाच होतो. रात्री साडेआठला मोबाइल हातात घेऊन 'उद्या काय दाखवणार' लिहायला बसलं आणि लिहिण्यासारखं काहीच नसलं की माणूस निदान अर्धा तास तरी कामाला बसतो. मी स्वतः कितीतरी मंगळवारी असाच बसलोय.

5. बैठक चाळीस मिनिटांची

सॉफ्टवेअर कंपन्यांत स्क्रम नावाची पद्धत चालते. तिच्यात रोज पंधरा मिनिटांची भेट असते. यूट्यूबवर बघून पोरं तीच उचलतात. कंपनीत माणूस दिवसभर तेच काम करतो, तुम्ही पाच विषय, प्रॅक्टिकल आणि मेसचं जेवण सांभाळून आठवड्यात जेमतेम सहा-आठ तास प्रोजेक्टला देता. रोज भेटून रोज 'काही नाही' ऐकण्यापेक्षा आठवड्यातून एकदा धड बसा.

पहिली पाच मिनिटं : मागच्या बुधवारचं पान उघडून एकेक काम वाचायचं. उत्तर दोनच, झालं किंवा नाही झालं. 'ऐंशी टक्के झालं' हे उत्तर घ्यायचं नाही. उरलेल्या वीस टक्क्यांतच सगळं रडगाणं असतं.

पुढची वीस मिनिटं : दाखवणं. बैठकीचा जीव इथं आहे, म्हणून ती शक्यतो लॅबमध्येच घ्या, कँटीनमध्ये नको. कोड असेल तर चालवून दाखवा. सर्किट असेल तर जोडून दाखवा. सर्व्हे केला असेल तर भरलेले फॉर्म टेबलावर ठेवा. रिपोर्टचा भाग असेल तर लिहिलेलं पान शेजारच्याला वाचायला द्या. अर्धवट असलं तरी दाखवा, मोडकं असलं तर आधी दाखवा. आणि आठवड्यातून एकदा तरी दोघांची कामं एकमेकांना जोडून बघा. मघाच्या त्या 25 नंबरच्या पिनीसारख्या भानगडी जोडल्याशिवाय वर येत नाहीत.

दाखवणाऱ्याला हसायचं नाही. हा नियम लिहून ठेवण्यासारखा वाटत नाही, पण आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. 'एवढं येत नाही का तुला?' हे वाक्य एकदा पडलं की पुढचे चार आठवडे तो माणूस 'करायलोय' म्हणतो.

मग दहा मिनिटं अडलेल्या गोष्टींना. इथं घसरायची भीती जास्त. दोघं एखाद्या एररवर वाद घालायला लागतात आणि बाकीचे दोघं रील बघतात. तीन मिनिटांत सुटलं नाही तर 'तुम्ही दोघं बैठकीनंतर बसा' असं सांगून पुढं जायचं. चालवणाऱ्याच्या हातात मोबाइलचा टायमर असू द्या. बोलणं तोडल्याचा वाईटपणा मग टायमरवर जातो.

शेवटच्या पाच मिनिटांत पुढच्या आठवड्याची कामं लिहायची, मोठ्यानं वाचायची आणि वहीवर सगळ्यांच्या सह्या. सही बालिश वाटते. तरी घ्या.

6. काम लिहायचं कसं

'सेन्सर बघणे', 'कोडवर काम करणे', 'रिपोर्ट चालू करणे'. अशी कामं कधी संपत नाहीत, कारण ती कधी संपली हे कोणालाच सांगता येत नाही. तेच काम असं लिहा : 'कोरड्या मातीत दहा आणि पाणी घातलेल्या मातीत दहा रीडिंग घेऊन शीटमध्ये टाकणे, मंगळवार रात्रीपर्यंत.' आता वाद उरला नाही. शीटमध्ये वीस आकडे आहेत किंवा नाहीत.

तारीख देताना जमिनीवरची परिस्थिती बघा. आमच्या मित्राच्या शेतात मोटरची चाचणी गुरुवारी सकाळी ठरली, सगळे गाड्या काढून गेलो आणि कळलं की त्या आठवड्यात थ्री-फेज लाइटची पाळी रात्रीची आहे. बांधावर बसून हरभऱ्याचे ढाळे खाल्ले आणि परत आलो. तेव्हापासून वहीत कामासमोर 'काय लागेल' असंही लिहायला लागलो : लाइट, लॅबची किल्ली, कोणाची परवानगी, किती पैसे.

एका माणसाला आठवड्यात दोनच कामं. तिसरं दिलं की तिन्ही होत नाहीत. आणि एका कामावर एकच नाव. 'आपण दोघं करू' असं लिहिलेलं काम दोघांपैकी कोणीच करत नाही.

7. अडलं तर बुधवारपर्यंत थांबू नका

आमचा नियम : दोन तास झटून काम हललं नाही तर ग्रुपवर टाकायचं. एररचा फोटो, काय काय करून बघितलं त्याच्या दोन ओळी. तीन आठवडे गेलेले बघितल्यावरच हा नियम केला होता.

8. येत नाही, करत नाही, अशा मेंबरचं काय?

प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो. आधी आळशी कोण आणि अडचणीतला कोण हे ओळखा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ज्याचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्याच्या मागं घर, म्हातारी माणसं आणि धाकटी भावंडं असतात. तो ग्रुपवर हे लिहिणार नाही. कोणी पार्टटाइम मेडिकलवर बसतो, कोणाच्या घरी आजारपण असतं. म्हणून पहिल्यांदा एकानंच, एकट्याला गाठून, चहा पाजून विचारायचं. अडचण खरी असेल तर घरून, रात्री, मोबाइलवर होईल असं काम द्या. रिपोर्टची प्रकरणं, संदर्भ गोळा करणं, पीपीटी.

नुसताच उंडारत असेल तर? सलग दोन बैठका काम दाखवलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून गाईडना वही दाखवायची. तक्रार करायची नाही, फक्त पानं उघडायची. कोणाचं काम कधी ठरलं आणि झालं की नाही, हे तिथं त्याच्याच सहीनिशी असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर उणंदुणं काढू नका. स्क्रीनशॉट फिरतात आणि मूळ विषय बाजूला राहतो.

उलट प्रकारही असतो. एकच हुशार पोरगा सगळं करून टाकतो आणि बाकीचे खुश. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला वेगळं विचारतात. महिन्यातून एका बैठकीत कामं अदलाबदल करून समजावून सांगा : मोटरवाल्यानं अ‍ॅप समजावायचं, अ‍ॅपवालीनं मोटर. पाच मिनिटांत कळतं कोणाला काय येत नाही.

9. पैसे आणि डायरी

पैसे : सगळ्यांची सारखी वर्गणी, एकाकडं जमा, पावती लिफाफ्यात, खर्च शीटच्या दुसऱ्या पानावर. शंभर रुपयांच्या वरची खरेदी बैठकीत विचारून. यापलीकडं काही नाही.

डायरी मात्र दर आठवड्याला भरून सही घ्या. शेवटच्या रात्री एकाच निळ्या पेनानं बारा आठवडे भरलेली डायरी परीक्षकाला लांबूनच ओळखू येते. एका ग्रुपनं तर दिवाळीच्या सुट्टीतल्या तारखांनाही 'लॅबमध्ये चाचणी घेतली' असं लिहून ठेवलं होतं. वही नीट असेल तर डायरी भरायला दहा मिनिटं लागतात, नुसतं उतरवायचं असतं.

10. सुट्टीत फोनवर

सगळे गावी असताना बैठक बंद करू नका, छोटी करा. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटांनी बैठक आपोआप तुटते, आपल्याला तेवढीच पाहिजे. गूगल मीटला तिघं किंवा जास्त असले की साठ मिनिटं मिळतात. रेंज नसलेल्याला कॉन्फरन्स कॉलवर घ्या. कोणाचा तरी व्हिडिओ अडकणार हे धरूनच चाला. दाखवायच्या गोष्टीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आधीच ग्रुपवर टाकून ठेवला की बोलायला सोपं जातं.

शेवटी आमच्या वहीतलं एक पान, सगळं मार्गी लागल्यानंतरचं. नावं काढली आहेत, बाकी तसंच :

'बुधवार, 4.20 ला सुरू. चौघं हजर. मागची कामं : पाचपैकी चार झाली. राहिलेलं : केबलची लांबी वाढवणे, दुकान बंद होतं.
दाखवलं : सेन्सर आणि अ‍ॅप एकत्र, वाय-फाय चालू, कुंडीत पाणी घातल्यावर मोबाइलवर आकडा बदलला. मोटर तीनदा चालू, तीनदा बंद, टकटक नाही.
अडलं : अ‍ॅपवर वेळ चुकीची दिसते, साडेपाच तास मागं.
पुढचं : वेळ दुरुस्त करणे, मंगळवार रात्री. केबल आणणे, शुक्रवार, 120 रुपये मंजूर. प्रकरण 3 ची सहा पानं, मंगळवार. गाईडना उद्या विचारायचं : सर्किटचा डबा पाण्यापासून वाचवायला काय वापरावं?
4.55 ला संपली. पुढच्या बुधवारी लॅबमध्ये परीक्षा आहे, लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसायचं. कुंडी कोण आणणार : मी.'